हौशी नटांसाठीचं दोन दिवसांचं अभिनय शिबिर, पुणे – जाऊन आले, सविस्तर लिहितेय

आधीच सांगते, शिबिराचं किंवा सरांचं नाव इथे टाकणार नाहीये. एक तर नाटकवाल्यांचं जग एवढंसं असतं, उद्या स्पर्धेला तेच परीक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसलेले असायचे. दुसरं म्हणजे मला जे खटकलं ते काही एकाच ठिकाणी होतं असं नाही, अशी शिबिरं आता पैशाला पासरी झालीत आणि बरोबर आलेल्या दोघातिघांनी सांगितलं की पहिल्या दिवशी संध्याकाळचा तो प्रकार त्यांनी आधीही दुसरीकडे बघितलाय. त्यामुळे रिव्ह्यू एकाच शिबिराचा असला तरी कुठेही पैसे भरायच्या आधी वाचा.

मी सांगलीची, सहकारी बँकेत काउंटरला असते, वय ४३. नाटक म्हणजे संध्याकाळी साडेसात ते साडेदहा, बाकी वेळ पासबुक आणि केवायसी. सांगलीत नाटक करते म्हटलं की पुण्याची माणसं लगेच नाट्यपंढरी वगैरे सुरू करतात, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ५ नोव्हेंबरला इथे सीतास्वयंवर केलं, म्हणून तो रंगभूमी दिन, सगळं खरंय, पण आमची तालीम एका शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून चालते आणि सव्वादहाला मामा बाहेर किल्ल्या वाजवायला लागतात. पंढरी असली तरी वारकऱ्याला रात्री झोपायला धर्मशाळाच.

शिबिराला गेले त्याला कारण होतं. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या ग्रुपमधल्याच एकानं लिहिलेलं दोन अंकी बसवत होतो, त्यात माझी भूमिका अशी की नवरा सकाळी कामावर गेला तो परत आलाच नाही, तीन वर्षं पत्ता नाही, आणि दुसऱ्या अंकात शेवटाकडे पोलीस येऊन त्याचं घड्याळ टेबलावर ठेवतो. बस, एवढंच. त्यानंतर मला दीड मिनिट संवाद नाही आणि मग चार वाक्यं. दिग्दर्शक, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, पहिल्याच वाचनाला म्हणाला की नाटक ह्या दीड मिनिटावर उभं आहे. असं म्हटलं की पोटात गोळा येतो ना, तसा आला.

माझे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. दवाखान्यात सगळं झाल्यावर वॉर्डबॉयनं एक कॅरीबॅग हातात दिली, त्यात चष्मा, चपला आणि लिमलेटच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पुडी. मला कुणी शिकवलं नव्हतं पण घड्याळ टेबलावर आलं की मी ती कॅरीबॅग आठवायचे. पहिल्या तालमीला जे काही झालं ते विचारू नका, प्रॉम्प्टिंगला बसलेली मुलगी वही सोडून रडत होती, दादा दोन मिनिटं काही बोललाच नाही. मला मनातून (लाज वाटते सांगायला) भारी वाटलं. मग रोज कॅरीबॅग. दहाव्या-बाराव्या तालमीपर्यंत चाललं, मग कमी व्हायला लागलं, विसाव्याला तर डोळे कोरडे ठणठणीत, मी जोर लावतेय, कपाळाला आठ्या घालतेय आणि दादा म्हणतोय पहिल्या दिवशीचं ते आण ना. ते म्हणजे काय फ्रीजमध्ये ठेवलंय?

आणि घरी उलटं. तालमीत येत नाही ते घरी येतंय. एकदा भाकरी थापताना एकदम डोळे भरून आले तर सासूबाई म्हणाल्या, अगं कांदा तरी कुठं चिरलायस. काउंटरला एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत उभे राहिले आणि मी त्यांना दुसऱ्या खिडकीवर पाठवलं, उगाच. सगळ्यात वाईट गोष्ट नंतर लक्षात आली, बाबांच्या वर्षश्राद्धाला मी खरोखर त्यांची आठवण काढायला बसले तर मला कॅरीबॅगच्या मागे शाळेच्या वर्गातला तो कुरकुरणारा पंखा दिसायला लागला. म्हणजे आठवण माझी होती ती तालमीची झाली. वापरून वापरून झिजवली मी ती.

अशा अवस्थेत व्हॉट्सॲपवर शिबिराचं पोस्टर आलं, 'भूमिकेची भावनिक तयारी, खास हौशी रंगकर्मींसाठी, शनिवार-रविवार', फी ३५०० दोन वेळचा चहा आणि जेवण धरून. नवरा म्हणाला जा बाई एकदाची. पहाटेच्या एसटीनं स्वारगेटला उतरले, रिक्षानं पेठेतल्या एका कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल गाठला. दहाची वेळ होती, पावणेअकराला सुरू झालं, हे गृहीतच धरा.

बॅच बावीस जणांची. पोस्टरवर मर्यादित जागा म्हटलेलं, बावीस म्हणजे मर्यादित कसं हे त्यांनाच माहीत, पण माणसं मस्त होती. एक जण नगरचा एसटी कंडक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापिका, फोंड्याहून दोघे आलेले ज्यांची नाटकं देवळाच्या जत्रेला होतात आणि पहाटे तीनपर्यंत लोक बसून बघतात (मला फार हेवा वाटला), कॉलेजची पाचसहा पोरं जी एकांकिका स्पर्धांमधून आलेली, आणि एक आयटीवाला ज्याला ऑफिसातून कुणीतरी सांगितलेलं की तुझे प्रेझेंटेशन स्किल्स सुधारतील. ओळख म्हणून प्रत्येकानं एक स्वगत म्हणायचं होतं, पुरुषांपैकी निम्म्यांनी तेच ते घर मागणाऱ्या म्हाताऱ्याचं म्हटलं, त्यातला एक एकवीस वर्षांचा. चौथ्या म्हाताऱ्यानंतर सरही हसायला लागले.

पहिल्या दिवसाचा सकाळचा भाग चांगला होता, हे आवर्जून लिहिते. रिकामा कप हातात देऊन गरम चहा प्यायला लावला, वाफ कुठे लागते, बोटं कुठे भाजतात, पहिला घोट घेताना ओठ कसे होतात. सगळे आधी हसत होते पण वीस मिनिटांनी बघितलं तर कंडक्टर साहेबांनी कपाचा कान सोडून कडा धरलेली, आणि ते म्हणाले स्टँडवरचा चहा मी असाच पितो, ग्लासला कान नसतो. आपण तालमीत किती गोष्टी नुसत्या दाखवतो हे तेव्हा कळलं. मग 'जर' चा व्यायाम. मी ती बाई आहे असं स्वतःला पटवत बसायचं नाही, मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं एवढंच विचारायचं, आणि त्या आधी तिची परिस्थिती बारकाईनं लिहून काढायची, घरात उजेड कुठून येतो, महिन्याचे पैसे कुठून येतात, शेजारीण काय म्हणते. हे सगळं स्तानिस्लाव्स्की ह्या रशियन नट-दिग्दर्शकाचं. मॉस्को आर्ट थिएटर १८९८ साली सुरू करणाऱ्या दोघांपैकी हे एक, आणि गंमत म्हणजे त्यांनी सुरुवात हौशी नट म्हणूनच केलेली, व्यापारी घरातला मुलगा, दिवसा घरचा धंदा, संध्याकाळी नाटक. हे ऐकून आम्ही सगळे जरा ताठ बसलो.

जेवण ठीक. बटाट्याची भाजी, पोळ्या, आमटी आणि जिलबी. जिलबी नको होती, दुपारी दोन नंतर कुणाला श्वासाचे व्यायाम जमेनात.

आता संध्याकाळ. पाच वाजता सरांनी पडदे ओढले, दिवे घालवले, सगळ्यांना जमिनीवर आडवं केलं आणि बासरीची ट्रॅक लावली. म्हणाले तुमच्या आयुष्यातला सगळ्यात दुःखाचा क्षण आठवा, त्या खोलीत जा, वास घ्या, कोण उभं आहे बघा. पाच मिनिटांत हॉलभर हुंदके. मी कॅरीबॅग आठवायची नाही असं ठरवून पडले होते तरी व्हायचं ते झालंच, आणि कॅरीबॅगबरोबर पंखाही आला. माझ्या शेजारी कॉलेजची एक मुलगी होती, ती आधी रडत होती मग तिचा श्वास विचित्र व्हायला लागला, हात थंडगार, बोटं वाकडी झालेली. मी उठून बसले, सर आले, तिच्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, वा, हे खरं आहे, हे सोडू नकोस, हे स्टेजवर घेऊन जा. आणि टाळ्या वाजवायला लावल्या.

मला इथे उठून काहीतरी बोलायला पाहिजे होतं, नाही बोलले. मुख्याध्यापिका बाईंनी तिला बाहेर नेलं, पाणी दिलं, पाठीवर हात फिरवत जिन्यात बसल्या. तिकडे आत दिवे लागले, सर म्हणाले चला, चहा घेऊ, उद्या वेळेवर या. संपलं. बावीस माणसांना त्यांच्या सगळ्यात वाईट खोलीत नेऊन सोडलं आणि परत आणायची वेळ आली तर चहा.

मी घाबरट आहे म्हणून हे लिहीत नाहीये, त्या प्रकाराची स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती शिबिरात अर्धीच सांगितली गेली. भावनेची आठवण हा शब्द स्तानिस्लाव्स्कीनं रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाकडून उचलला, त्यावर बरीच वर्षं काम केलं, पण पुढे त्यांचा जोर शरीराच्या कृतीवर गेला, आधी हातांनी काम करा, भावना मागून येईल. तिकडे अमेरिकेत ली स्ट्रासबर्ग ह्या अभिनयशिक्षकानं मात्र आठवणीचाच भाग धरून ठेवला आणि त्याचं 'मेथड ॲक्टिंग' झालं. स्टेला ॲडलर म्हणून स्ट्रासबर्गच्याच ग्रुपमधली नटी होती, तिला त्या पद्धतीचा त्रास होत होता, ती १९३४ साली पॅरिसमध्ये थेट स्तानिस्लाव्स्कीला भेटली, काही आठवडे त्यांच्याबरोबर काम केलं आणि परत येऊन सांगितलं की तुम्ही आठवणीवर फार भर देताय, परिस्थिती आणि कृतीकडे बघा. त्यावरून तिचं आणि स्ट्रासबर्गचं जे वाजलं ते जन्मभर. म्हणजे हा वाद नव्वद वर्षं जुना आहे आणि आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी पडदे ओढून त्यातली एकच बाजू, तीही अर्धवट, ३५०० रुपयांत देतात. कारण स्ट्रासबर्गसुद्धा सांगायचे की आठवण घ्यायची तर निदान सात वर्षं जुनी घ्या, ओली जखम घेऊ नका. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी फोंड्याच्या माणसानं विचारलं म्हणून कळलं. सात वर्षं! मी दोन वर्षांपूर्वीची घेऊन साठ तालमी करायला निघाले होते.

रात्री कोथरूडला मावसबहिणीकडे होते. तिनं थालीपीठ केलेलं, खाल्लं आणि नऊला झोपले, दुसऱ्या दिवशी जायचंच नाही असं ठरवून. सकाळी ३५०० आठवले आणि गेले. बरं झालं गेले.

दुसरा दिवस एका मॅडमचा होता. त्यांचं नाव पोस्टरवर खाली बारीक अक्षरात होतं, सरांचा फोटो मोठा. साधी बाई, कॉटनची साडी, आवाज इतका सावकाश की मागची पोरं पुढे येऊन बसली. त्यांनी पहिलं वाक्य काय टाकलं तर, तुमच्यापैकी किती जणांना तालीम संपल्यावर झोप लागत नाही? पंधरा हात वर. मग म्हणाल्या, घरातून निघताना गॅस बंद केला का बघता ना, तसं भूमिकेचं कधी बघता? पुढचे तीन तास फक्त ह्यावर.

सुझाना ब्लॉक म्हणून चिलीच्या एक संशोधक, नटांबरोबर १९७० च्या दशकात काम सुरू केलेलं. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक मूळ भावनेचा एक श्वास असतो, एक अंगाची ठेवण असते आणि एक चेहरा असतो, आणि हे तीन नीट जुळवले तर भावना बाहेरून आत येते, आजी-आजोबांना मारायची गरज नाही (हे मॅडमचं वाक्य, मला फार आवडलं). दुःखाचा श्वास नाकानं तुटक तुटक आत आणि तोंडानं एकदम बाहेर, अंग सैल. रागाला सगळं घट्ट आणि पुढे झुकलेलं, नाकपुड्या फुललेल्या. आम्ही करून बघितलं. आयटीवाला, ज्यानं पहिल्या दिवशी आडवं पडून चक्क झोप काढलेली, तो तुटक श्वास घेता घेता रडायला लागला आणि त्याला कळेचना का रडतोय. आणि तेव्हा मॅडमनी लगेच सगळ्यांना थांबवलं आणि बाहेर यायला शिकवलं. तीन लांब, सावकाश, पूर्ण श्वास. दोन्ही तळहातांनी चेहरा चोळायचा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, चेहऱ्यावरचा तो आकार पुसून टाकल्यासारखा. मग बसला असाल तर उभं राहायचं, उभे असाल तर जागा बदलायची. आयटीवाला दोन मिनिटांत नॉर्मल, म्हणाला चहा आहे का. हे न करता घरी गेलात तर भावनेचा हँगओव्हर राहतो म्हणे, त्या पद्धतीत शब्दच तो आहे. भाकरीवर पडलेलं पाणी आठवलं मला.

त्या श्वासाच्या प्रकाराबद्दल मला शंका आहेच. तो नीट शिकलेल्या माणसाच्या हाताखाली करायचा असतो आणि तीन तासांत आपण त्याचं टोक बघितलं एवढंच, शिवाय नुसता श्वास घेऊन केलेलं रडणं कधी कधी मशीनसारखं दिसतं, मुख्याध्यापिका बाईंचं तसंच दिसत होतं आणि त्यांनी स्वतःच ते कबूल केलं. पण बाहेर यायचा भाग, तो सोन्यासारखा. मी पंचवीस वर्षं नाटक करतेय, कॉलेज धरून, आत कसं शिरायचं ह्यावर मला पन्नास जणांनी अक्कल शिकवलीय, बाहेर कसं यायचं हे कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. तालीम संपली की बाकं जागेवर लावायची, पाण्याची बाटली घ्यायची आणि स्कूटीला किक. भूमिका मागच्या सीटवर बसून घरी यायची.

मॅडमनी अजून दोन गोष्टी सांगितल्या त्या साध्या आहेत. भूमिकेची एक वस्तू ठरवा, ओढणी, चप्पल, बांगडी काहीही, ती तालमीच्या जागीच घालायची आणि तिथेच काढून ठेवायची, घरी न्यायची नाही. आणि निघताना सोबतच्या नटाशी भूमिकेबाहेरचं काहीतरी बोलायचं, त्याचं खरं नाव घेऊन. कंडक्टर म्हणाले आम्ही ड्यूटी संपली की मशीन जमा करतो तसंच की. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच.

दुपारी भरतमुनी आले. मला वाटलं आता भाषण, आंगिक वाचिक आहार्य सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार पाठ म्हणायला लावतील, पण त्यांनी एकच जागा काढली. नाट्यशास्त्रात सातव्या अध्यायात प्रश्न विचारलाय की दुःख म्हणजे रडणं, मग ज्याला दुःख झालेलंच नाही त्यानं ते करायचं कसं? तिथलं उत्तर सत्त्व, आणि सत्त्व कशातून येतं तर समाहित मनातून. एकवटलेल्या मनातून. दुखावलेल्या मनातून असं म्हटलेलं नाही. अश्रू, रोमांच, स्वरभंग, घाम, थरथर वगैरे आठही सात्त्विक भाव मन एका जागी आलं की येतात. मी हे ऐकून वहीत काहीच लिहिलं नाही, नुसती बसून राहिले, कारण माझ्या त्या पहिल्या तालमीला नेमकं काय झालं होतं ते आत्ता कळत होतं. कॅरीबॅगमुळे रडू आलं खरं, पण त्या दिवशी घड्याळ मी पहिल्यांदा बघत होते, पूर्ण बघत होते. विसाव्या तालमीला मी घड्याळाकडे बघतच नव्हते, स्वतःच्या डोळ्यांत पाणी येतंय का ते बघत होते.

काय नव्हतं ते पण सांगते. आवाजावर शून्य. रडताना घसा आवळतो, नाक वाहतं, शब्द गिळले जातात आणि मान खाली गेली की पुढचे माइक काही पकडत नाहीत, हे कुणीच बोललं नाही. आपल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेतला माणूस तिकीट काढून आलेला असतो, तुमचं खरं दुःख त्याला ऐकू आलं नाही तर तो शेजारच्याला विचारणार, काय म्हणाली ओ? अठराव्या शतकात दिदरो नावाच्या फ्रेंच लेखकानं तर उलटंच म्हटलेलं, की मोठा नट स्टेजवर स्वतः काही वाटून घेत नाही, तो थंड डोक्यानं दुसऱ्याला वाटायला लावतो. मला ते पूर्ण पटत नाही पण ही बाजू एकदा तरी यायला पाहिजे होती.

आणि हौशी लोकांचा हिशोब वेगळा असतो हे पोस्टरवर 'खास हौशी' लिहूनही कुणी मांडलं नाही. व्यावसायिक नटाला तीनशे प्रयोग करायचे असतात, त्याची काळजी ही की दोनशेव्या प्रयोगाला ते ताजं कसं राहील. आमच्या साठ तालमी आणि प्रयोग एक. प्राथमिक फेरीत एकदाच, पुढे गेलात तर अजून एकदा. म्हणजे आम्ही सगळं तालमीत उधळतो आणि ज्या दिवशी पाहिजे त्या दिवशी खिसा रिकामा. त्यात त्या दिवशी सकाळपासून नेपथ्य लावायला मदत, सेटच्या दारात खिळा बसत नाही, इस्त्री कुणाकडे आहे, कुणाचा तरी नातेवाईक पास मागतोय, आणि मग तिसरी घंटा. मी मध्यंतरात मॅडमना हे विचारलं तर त्या म्हणाल्या साठपैकी पन्नास तालमीत रडूच नका, फक्त काम करा, हातांचं काम. दिग्दर्शकाला आधी सांगून ठेवा. हे एक वाक्य मला स्वतःहून विचारावं लागलं, पण फी वसूल झाली ती इथे.

परत आल्यावर दादाला सांगितलं. तो आधी नाराज, मग म्हणाला बघू. मी कॅरीबॅग बंद केली. त्याऐवजी प्रॉपर्टीच्या खोक्यातलं ते घड्याळ नीट बघितलं, जुनं, चामड्याच्या पट्ट्याचं, ग्रुपमधल्या कुणाच्या तरी घरून आलेलं. पट्ट्याला एक भोक बाकीच्यांपेक्षा मोठं झालेलं, रोज तिथेच लावून. दीड मिनिटात आता काय करायचे तर, घड्याळ उचलायचे, कानाला लावायचे, बंद, किल्ली द्यायचे, पोलिसाच्या मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ जुळवायचे, मग माझ्या मनगटावर बांधायचे आणि नवऱ्याचं ते मोठं झालेलं भोक मला कुठल्या कुठे सैल, म्हणून पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढायचे, तरी सैलच. एवढंच, रोज. चाळीस तालमी मी फक्त पट्टा बांधला. पोलीस झालेला पोरगा वैतागला, ताई रोज वेळ काय बघता माझ्या घड्याळात, म्हणाला. तालीम संपली की ओढणी खोक्यात, चेहरा चोळायचा, आणि त्याला विचारायचं तुझ्या एमपीएससीचं काय झालं रे.

सासूबाईंनी हे चेहरा चोळणं एकदा घरी बघितलं, म्हणाल्या काय पुण्याहून फेशियल शिकून आलीस का.

प्रयोगाच्या दिवशी भावे नाट्यमंदिरात काय झालं ते मी सांगणं बरं दिसत नाही, आणि नंबर वगैरे आला नाही, नेपथ्याला उत्तेजनार्थ मिळालं. एवढं सांगते की पट्टा शेवटच्या भोकात गेला आणि हात खाली सोडला तर घड्याळ कोपरापर्यंत घसरलं, असं तालमीत एकदाही झालं नव्हतं, मी त्या दिवशी बांगड्या घालायला विसरले होते. प्रेक्षागृहात कुणीतरी हं असं केलं. माझ्या डोळ्यात पाणी होतं की नाही मला खरंच माहीत नाही. चारही वाक्यं शेवटच्या रांगेत ऐकू गेली, नवरा तिथे बसलेला, त्याला मी मुद्दाम बसवलं होतं.

आता हिशोबाचं. पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन दुसऱ्या दिवसाचे. नवीन नट असाल तर पहिल्या दिवशीच्या सकाळसाठीही जा. घरात नुकतं काही झालं असेल, कुणी गेलं असेल, आजारपण, घटस्फोट, काहीही, तर पाचनंतरच्या भागात सरळ उठून बाहेर या, कुणी काही म्हणत नाही, म्हटलं तरी म्हणू दे. पैसे भरण्यापूर्वी फोन करून एवढं विचारा की व्यायामानंतर बाहेर काढायला कोण असतं आणि किती वेळ देतात, उत्तर द्यायला अडखळले तर राहू द्या. औषधं चालू असतील किंवा आधी असा त्रास झालेला असेल तर डॉक्टरला विचारून मगच, शिबिर म्हणजे उपचार नव्हेत, मॅडमनी हे दोनदा सांगितलं, सरांनी एकदाही नाही. ती कॉलेजची मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. मुख्याध्यापिका बाईंनी तिचा नंबर घेतला होता, त्या अजून तिला फोन करतात, बरी आहे म्हणाल्या, नाटकात आहे पण सध्या लाइट्स करते.

हॉलमध्ये सतरंज्या आहेत पण पातळ, घरून चादर न्या. पार्किंग नाही. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, दुरुस्त करून पाठवतो म्हणालेत, अजून आलं नाही. आणि सांगली-कोल्हापूरवाल्यांनी रविवारचं परतीचं रिझर्वेशन रात्री दहाच्या पुढचं करा, सहाला संपणार लिहिलंय पण आठ वाजले, माझी सातची गाडी गेली आणि स्वारगेटला दीड तास उभी राहिले, कंडक्टर साहेब बरोबर होते म्हणून कुठल्यातरी जादा गाडीत जागा मिळाली.